रात्री धडधाकट, सकाळी तीन पायांवर

पत्र

ताई, आम्ही माथेरानला राहतो. घरचे तीन घोडे आहेत, त्यांच्यावरच घर चालतं. बिजली ही आमची नऊ वर्षांची घोडी, सगळ्यात शहाणी. लहान मुलं तिच्यावरच बसवतो. गेल्या गुरुवारी संध्याकाळी पॅनोरमा पॉइंटची फेरी करून आली, दाण्याची चंदी खाल्ली, पाणी प्यायली, काही म्हणता काही नव्हतं. शुक्रवारी पहाटे माझा भाचा तबेल्यात गेला तर उजवा पुढचा पाय अधांतरी. टेकवायलाच तयार नाही. घामाने भिजलेली, अंग थरथरत होतं. जखम नाही, रक्त नाही, सूजही दिसत नाही. यांनी मेडिकलमधून माणसाचं दुखण्यावरचं इंजेक्शन आणून दिलं. दुपारी जरा बरी वाटली, रात्री पुन्हा तेच. एका डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, स्नायू दुखावला असेल. दुसऱ्यांनी व्हिडिओ बघून सांगितलं, हाड मोडलं असेल, फार आशा ठेवू नका. शेजारी म्हणतात नजर लागली, करणी आहे. पायाला काळा दोरा बांधलाय. एक जण डाग द्यायला सांगतोय. घरात सगळे भाच्यावर घसरतात, म्हणे त्यानेच कुठेतरी पळवली असणार. पोरगा सतरा वर्षांचा आहे, दोन दिवस धड जेवला नाही. दिवाळीचा हंगाम तोंडावर आलाय. नेमकं काय झालं असेल? बाकीच्या दोघांना लागेल का? आणि इंजेक्शन देऊन तिला वेदनेतून कायमचं सोडवावं लागेल का, हे कसं ठरवायचं?

उत्तर

ताई,

तातडीचं तेवढं मी तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. तरी सगळं नीट लिहिते, कारण माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीला आणि लग्नाच्या वरातीचे घोडे पाळणाऱ्यांच्या घरी हीच पहाट कधी ना कधी उगवते, आणि घाबरलेल्या माणसाला फोनवरचं अर्धंच लक्षात राहतं.

आधी निर्णयाचं बोलते, कारण तुमच्या जिवाला घोर त्याचाच आहे. बिजलीचा खूर कोणी हातात घेऊन, दाबून, गरज पडल्यास नाल काढून आणि तळवा थोडा खरवडून पाहिलेला नाही. ते होत नाही तोवर तिला संपवण्याचा विषय घरात काढू नका. व्हिडिओवरून हाडाचा निकाल लागत नाही. त्या डॉक्टरांना दोष देत नाही, घोडा तीन पायांवर उभा दिसला की हाडाची शंका येणं बरोबरच आहे. पण शंका आली की तपासणी करायची असते, तिच्यावर निकाल द्यायचा नसतो.

रात्री धडधाकट असलेला घोडा सकाळी पाय टेकत नाही, जखम नाही, सूज नाही. या चित्रामागे सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो खुराच्या आत झालेला पू. आपल्या नखाखाली पू धरला की रात्रभर झोप लागत नाही, तसंच हे आहे, फक्त इथे त्या नखावर साडेतीनशे-चारशे किलोचं अंग तोललेलं असतं. खुराचं कवच ताणलं जात नाही, त्यामुळे आत थोडासा पू साठला तरी दाब भयंकर वाढतो. म्हणूनच तो घोडा मोडलेल्या हाडाच्या घोड्यासारखाच दिसतो: घाम, थरथर, पाय अधांतरी. माथेरानला चार महिने पावसात आणि तांबड्या चिखलात खूर भिजून मऊ पडतो, कवच आणि तळवा जिथे मिळतात ती पांढरी रेघ ढिली होते, तिथून बारीक खडा किंवा माती आत सरकते. पाऊस उघडला की खूर वाळतो, वरून बंद होतो आणि घाण आत अडकते. नवा नाल ठोकताना खिळा जरा आतल्या बाजूला गेला असेल तरी काही दिवसांनी हेच होतं. तेव्हा नालबंदाला विचारा, शेवटचा नाल कधी मारला आणि मारताना घोडीने पाय ओढला होता का. भांडायला म्हणून विचारू नका, माहिती म्हणून विचारा. पुढे नाल काढायला आणि परत ठोकायला तोच लागणार आहे.

तुम्ही स्वतः काय पाहू शकता ते सांगते. घोडी शांत असताना उजव्या खुराच्या कवचावर हाताची मागची बाजू ठेवा, मग डाव्या खुरावर ठेवा. एक खूर स्पष्ट गरम लागतो का? मग खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे, दोन्ही बाजूंना, कातडीखाली एक बारीक दोरीसारखं काही बोटाखाली सरकतं. तिथे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू एकत्र जातात. तिथे अलगद दोन बोटं टेकवून थांबा. बऱ्या पायात ठोका लागता लागत नाही. पू झालेल्या खुराच्या पायात तो बोटावर टण्‌टण् आपटतो. एकदा हा फरक हाताला कळला की पुन्हा चुकत नाही, आणि डॉक्टरांना फोनवर 'उजव्या खुराचा ठोका जोरात आहे, खूर गरम आहे' एवढं सांगितलंत तरी त्यांचा अर्धा विचार योग्य दिशेला लागतो.

ताप घ्या. गुदद्वारात थर्मामीटर ठेवून घ्यायचा, थर्मामीटरला दोरी बांधून ती हातात धरायची, नाहीतर तो आत ओढला जातो. मोठ्या घोड्याचा ताप साधारण ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइट असतो. जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला नाडी लागते. आराम करत असलेल्या घोड्याची ती मिनिटाला २८ ते ४४ असते. साठच्या वर गेली आणि तिथेच राहिली तर वेदना मोठी आहे किंवा आणखी काही बिघडलं आहे असं समजा. हिरडीवर अंगठा दाबून सोडा, पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. किती वेळा लीद टाकली, किती पाणी प्यायली, लघवीचा रंग काय, हे सगळं वहीत वेळेसकट लिहा.

हे काम भाच्याकडे द्या. मी मुद्दाम सांगते आहे. घरात सगळ्यांत जास्त वेळ तो तिच्याजवळ असतो. ती कान कसे टाकते, कुठल्या हाताने खरारा केलेला तिला चालतो, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आणि त्याच्यावर जो आळ आहे त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: खुरातला पू एका संध्याकाळच्या पळण्याने होत नाही. तो आत काही दिवस, कधी काही आठवडे शिजत असतो आणि दाब एका मर्यादेपलीकडे गेला की एका रात्रीत घोडा पाय उचलून धरतो. गुरुवारी संध्याकाळी ती ठीक चालत होती, चंदी संपवली, म्हणजे तोवर तिलाही जाणवत नव्हतं. मग त्या पोराला कुठून कळणार? पुढे तपासणीत दुसरं काही निघालं तरी, तबेल्यात रात्री उठताना-बसताना घसरून, भिंतीला लाथ मारून, दुसऱ्या घोड्याची लाथ लागून घोड्याला दुखापत होते आणि त्याला साक्षीदार नसतो. घरातल्या कोणीतरी मोठ्याने त्याच्या शेजारी बसून हे एकदा बोलून दाखवावं. तुमच्या यांनी बोललं तर जास्त चांगलं.

आता डॉक्टरांचं. माथेरानात गाड्या येत नाहीत, त्यामुळे बिजलीला डॉक्टरांकडे न्यायचं म्हणजे दस्तुरी नाक्यापर्यंत चालवत न्यायचं आणि तिथून टेम्पोत चढवायचं. तीन पायांच्या घोडीला हे करू नका. हाड खरंच तडकलं असेल तर त्या उतारावर तड फाकेल. डॉक्टरांनाच वर आणा. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, त्यावर नोंद करा, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही कळवा. घोड्याचं काम रोज करणारे डॉक्टर मुंबई-पुण्याकडे रेसकोर्सच्या आसपास जास्त असतात, त्यांच्यापैकी कोणाशी तुमच्या डॉक्टरांना फोनवर बोलता आलं तरी खूप फरक पडतो. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला लागून बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आहे. तिथे न्यायची वेळ आलीच तर ती डॉक्टरांनी पायाला आधाराची पट्टी बांधल्यावरच, आणि पुढचा पाय दुखावलेला घोडा गाडीत उलट्या तोंडाने, म्हणजे मागे बघत उभा करावा. ब्रेक लागला की अंगाचा भार पुढे येतो, तो मग मागच्या पायांवर जातो.

डॉक्टर किंवा जाणता नालबंद चिमट्याने खूर चहूबाजूंनी दाबत जाईल. एका जागी दाबल्यावर घोडी झटक्याने पाय ओढून घेईल. तिथे थोडंसं खरवडलं की काळपट, घाण वासाचा पातळ पू बाहेर येतो, कधी एकच थेंब, कधी चिळकांडी. त्यानंतर घोडा ज्या वेगाने बदलतो ते पाहण्यासारखं असतं. कित्येक घोडे त्याच दिवशी पाय टेकतात. पू अजून वर आलेला नसेल तर कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट टाकून दिवसातून दोनदा पाय बुडवून ठेवायचा, मग ओला कापूस, त्यावर लहान बाळाचा डायपर आणि सगळ्यावर रुंद चिकटपट्टी, म्हणजे खूर मऊ राहतो आणि पू वाट काढतो. चिकटपट्टी खुरापुरतीच ठेवा, वर कातडीवर आवळू नका. कधी पू तळव्यातून न निघता वर सरकतो आणि खूर जिथे कातडीला मिळतो त्या कडेला फुटतो. तसं झालं तरी घाबरू नका. पू निघाल्याशिवाय नुसत्या अँटिबायोटिकवर दिवस काढू नयेत.

खरवडताना किंवा आधीच तळव्यात खिळा, तार, काच रुतलेली दिसली तर उपटून टाकू नका. हात शिवशिवतात, मला माहीत आहे. पण ती वस्तू कुठे, किती खोल, कुठल्या दिशेने गेली आहे हे एक्स-रेवर तिथल्या तिथे दिसतं. उपटली की भोक मिटतं आणि सगळा अंदाज जातो. तळव्यातल्या मऊ त्रिकोणी भागाच्या मध्यावर खिळा गेला असेल तर आतल्या सांध्यापर्यंत पोचलेला असू शकतो आणि तिथे एकेक तास मोलाचा असतो. ती जागा जमिनीला टेकणार नाही अशी पायाखाली दोन्ही बाजूंना जाड गादी बांधून डॉक्टर येईपर्यंत तिला हलवू नका.

धनुर्वाताची लस तिला शेवटची कधी दिली? आठवत नसेल तर दिलीच नाही असं धरून डॉक्टरांना सांगा. पाळीव जनावरांमध्ये धनुर्वाताला घोडा सगळ्यात नाजूक. त्याचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीतच असतात आणि खुरातली बंद, हवा न लागणारी जखम त्यांना फार मानवते. कान ताठ, शेपटी वर उचललेली, जबडा उघडत नाही, आणि हनुवटी वर केली की डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा सरकून डोळ्यावर येतो, असं दिसलं तर रात्र असो दिवस असो, डॉक्टरांना उठवा.

समजा खुरात काहीच सापडलं नाही. मग डॉक्टर वर वर चढत जातील: सांधे, पायाच्या नळीमागचे दोरीसारखे स्नायुबंध, कोपर, खांदा. एका वेळी एका भागाला बधिर करून कुठे बधिर केल्यावर लंगडणं थांबतं ते पाहतील, मात्र हाडाची दाट शंका असेल तर हे करत नाहीत, कारण बधिर पायावर घोडा बिनधास्त भार टाकतो. एक्स-रे काढतील. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. केसासारखी बारीक चीर पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही. दहा-चौदा दिवसांनी चिरेच्या कडा थोड्या विरतात, तेव्हा ती उठून दिसते. पहिला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून तिला फेरीवर काढू नका. दुसरा काढेपर्यंत तबेल्यातच ठेवा.

दोन्ही पुढचे पाय दुखत असतील, घोडी अंग मागे टाकून पुढचे पाय लांब करून उभी असेल, तर तो वेगळा आजार. त्यात खुराच्या आतला पापुद्रा सुजतो, आणि दाण्याच्या गोणीत तोंड घालून भरमसाठ खाल्लेल्या घोड्यात तो हमखास दिसतो. सुट्टीनंतर कामाला काढल्यावर मागचा भाग दगडासारखा ताठ झाला आणि लघवी तांबूस-काळपट आली तर स्नायूंचा विकार, त्यात एक पाऊलही चालवायचं नाही. पायाची वारंवार सूज, मधूनच येणारा ताप, हिरड्या फिक्या, अंग उतरत चाललेलं, मागचा भाग डळमळतो, हे मिळून सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार असू शकतो. तो गोमाशांमुळे पसरतो आणि रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही, पण डॉक्टरांना सांगताना हे 'नाही' पण सांगायचं असतं.

बाकीच्या दोघांचं विचारलंत. खुरातला पू, मोच, चीर यातलं काही लागत नाही. तरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ त्यांचाही ताप लिहा. एकाहून जास्त घोड्यांना ताप, खोकला, नाकातून घट्ट चिकट स्राव किंवा अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर तो ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य आजार असू शकतो. तो माणसालाही होतो, आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या २००९ च्या कायद्याने सरकारला कळवणं बंधनकारक आहे. अशा वेळी घोडे वेगळे बांधा, बादल्या वेगळ्या करा, उघड्या हाताने स्राव पुसू नका. त्याची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. बिजलीच्या बाबतीत मला ही भीती वाटत नाही.

इंजेक्शनबद्दल मात्र मला तुमच्या यांच्याशी थेट बोलायचं आहे. तुमचा जीव तुटला म्हणून दिलंत, त्याबद्दल रागावत नाही. पण मेडिकलमधलं माणसाचं दुखण्याचं इंजेक्शन म्हणजे बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. आपल्याकडची गिधाडं संपत आली ती यामुळे. बिजलीपुरतं बोलायचं तर दुखणं दबलं की ती त्या पायावर भार टाकते, चीर असेल तर ती तुटते. शिवाय डॉक्टरांना तपासताना खरी वेदना कुठे आहे ते कळत नाही. घोड्यासाठीची वेदनाशामक औषधं आहेत आणि ती बिजलीला मिळायलाच हवीत, वेदनेत ठेवणं मला मुळीच मान्य नाही. ती डॉक्टरांच्या हातून, मापाने, आणि कोणतं इंजेक्शन कधी दिलं होतं हे त्यांना खरंखरं सांगून. दोन प्रकारची वेदनाशामकं एकावर एक पडली तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर येतं. मानेवर सुई टोचलेली जागाही रोज हाताने चाचपा. तिथे सूज, कढतपणा किंवा कातडीखाली करकर लागली तर ती स्वतंत्र तातडी आहे.

डाग अजिबात देऊ देऊ नका. लोखंड तापवून चटका दिल्याने आतलं दुखणं बरं होत नाही, बरं होतंय असं वाटतं कारण नव्या वेदनेने जुनी झाकली जाते. वर भाजलेली जखम आणि धनुर्वाताला उघडं दार. बिब्बा लावणंही तसंच. नजर काढायची असेल तर काढा, मीठ-मोहरी ओवाळल्याने घोडीचं काही वाईट होत नाही आणि सासूबाईंच्या मनाला बरं वाटतं. पण पायातला काळा दोरा आजच्या आज कापा. आत्ता सूज नाही, उद्या आली तर तो दोरा कातडीत रुतेल आणि केसांखाली कोणाला दिसणारही नाही. हवा तर मोरखीला, म्हणजे तोंडावरच्या दोरीला, बांधा.

दोन-चार दिवसांत सगळं घर त्या एका पायाकडे बघायला लागतं आणि दुसरा पाय विसरतं. सगळा भार आता डाव्या पुढच्या पायावर आहे. असाच भार आठवडेच्या आठवडे राहिला तर त्या बऱ्या पायाच्या खुरातला पापुद्रा सुटू लागतो. अमेरिकेत बार्बारो नावाचा शर्यतीचा घोडा होता. २००६ मध्ये केंटकी डर्बी जिंकला आणि दोनच आठवड्यांनी पुढच्या शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात हाड पट्ट्या-स्क्रूंनी जोडलं, जगातले उत्तम हात त्याच्यामागे होते. हाड बरंचसं सांधलंही. पण दुसऱ्या पायांच्या खुरांनी दगा दिला आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला सोडवावं लागलं. म्हणून सांगते, डाव्या खुराचा ठोका आणि ऊब रोज तपासा. तबेल्यात भाताचा पेंढा किंवा लाकडाचा भुसा गुडघ्याएवढा जाड घाला, म्हणजे ती आडवी होऊन दोन्ही पायांना विश्रांती देईल. आडवी पडली की घाबरून उठवू नका. पाणी प्यायची, लीद टाकायची सवय मोडली तरच काळजी करा.

चंदी आजपासून जवळजवळ बंद. हे ऐकून तुमच्या घरात कुरकुर होईल, आजारी जनावराला ताकद हवी म्हणून हरभरा, गूळ, भिजवलेला दाणा वाढवायची आपली पद्धत आहे. पण काम बंद आणि दाणा चालू, हा घोड्याच्या स्नायूंना आणि खुराला दोघांनाही घातक मेळ आहे. सुकं चांगलं गवत समोर कायम राहू द्या, स्वच्छ पाणी राहू द्या, मिठाचा खडा चाटायला ठेवा. उभ्या-उभ्या घोड्याचं आतडं मंदावतं. रोजच्या आठ-दहा वेळच्या लिदीवरून ती दोन-तीन वेळांवर आली, वळून वळून कुशीकडे पाहू लागली, जमीन उकरू लागली, लोळू लागली, तर पोटशूळ. त्यात बांबूच्या नळीने तेल, काढा, सोडा असलं काहीही पाजू नका. घोड्याला उलटी करता येत नाही, आणि जबरदस्तीने पाजलेलं तेल फुप्फुसात गेलं तर पोटाआधी न्यूमोनियानेच जातो. नाकातून पोटात नळी घालणं हे डॉक्टरांचं काम.

ती किती दुखणं सोसते आहे हे तिच्या तोंडावर दिसतं, फक्त बघायची सवय लागते. २०१४ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरच्या वेदनेच्या खुणांची एक मोजपट्टी तयार केली. कान ताठ आणि मागे वळलेले, पापण्या अर्धवट मिटलेल्या, डोळ्यावरचं हाड उठून दिसतं, गालाचा चावायचा स्नायू आवळलेला, ओठ घट्ट मिटून हनुवटी पुढे आलेली, नाकपुड्या ताणलेल्या. भाच्याला सांगा, रोज त्याच वेळी, त्याच उजेडात, बाजूने एक फोटो काढायचा. तबेल्यात शिरून मग नाही, बाहेरून, तिचं लक्ष नसताना. माणूस दिसला की घोडा सावरून उभा राहतो, दुखणं लपवतो. डॉक्टरांना दिवसवार फोटो दाखवले की बोलायची गरजच उरत नाही. पाय टेकायला लागल्यावर चालण्याचा व्हिडिओही असाच: सपाट कडक जागेवर, सैल दोरीने, सरळ जाताना आणि सरळ येताना. पुढचा दुखरा पाय टेकला की डोकं वर जातं, बरा टेकला की खाली येतं.

सोडवण्याबद्दल लिहिते, कारण ते विचारायला तुम्हाला बळ लागलं असणार. लांब हाड पूर्ण मोडून कातडीबाहेर आलं असेल, किंवा गुडघ्याच्या वरचं मोठं हाड तुकडे होऊन सरकलं असेल, तर एवढ्या वजनाच्या मोठ्या घोड्यात बहुतेक वेळा वेदना लांबवण्यापलीकडे काही हाती येत नाही. तिथे डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन देऊन शांतपणे सोडवणं हीच माया. बिजलीच्या पायात अशी वाकडी झालेली, लटकणारी, हाडावर हाड घासणारी जागा नाही असं तुमच्या पत्रावरून दिसतं. डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: हे नक्की कशावरून ठरवलं, आणि काही न करता फक्त आराम देऊन थांबलो तर तिच्या वेदनेचं काय होईल? दुसऱ्याचं उत्तर 'वेदना आटोक्यात ठेवता येईल' असं असेल तर तुमच्याकडे वेळ आहे. विमा काढलेला असेल तर विमा कंपनीला आजच कळवा आणि डॉक्टरांचे सगळे कागद जपून ठेवा. मागाहून सांगितलेलं ते मानत नाहीत.

आणि असंही होऊ शकतं की खूर साफ निघेल, एक्स-रे साफ निघतील, तीन आठवड्यांत बिजली हळूहळू पाय टेकेल आणि नेमकं काय झालं होतं ते कोणालाच सांगता येणार नाही. घोड्याच्या डॉक्टरांच्या आयुष्यात असे घोडे कमी नसतात. डॉक्टरांना काही कळत नाही असा याचा अर्थ काढू नका, आणि उत्तर नाही म्हणून करणीवरही जाऊ नका. बारीक चीर, आतून दुखावलेला स्नायुबंध, स्वतःच जिरलेला पू, यातलं काहीही मागे खूण न ठेवता बरं होतं.

दिवाळीच्या गर्दीत तिला उतरवू नका. दोन घोड्यांवर हंगाम काढणं म्हणजे काय ते मला कळतं, आणि कर्जाचा हप्ता असेल तर सोसायटीत किंवा बँकेत आत्ताच जाऊन डॉक्टरांचा कागद दाखवून मुदत मागा, हप्ता चुकल्यावर जाऊ नका. पू निघून खूर कोरडा झाला, भोक कठीण शिंगाने भरलं, की नालबंदाकडून नाल ठोकून घ्या आणि गरज असल्यास तळव्याला चामड्याची गादी बसवायला सांगा. मग आधी मोकळी, हाताने धरून, मातीच्या वाटेवर. पेव्हर ब्लॉकच्या उतारावर घोडे घसरतात हे तुम्ही घोडेवाले वर्षानुवर्षं सांगता आहात, त्या वाटेवर तिला शेवटी न्या. पाठीवर खोगीर चढवायचं ते सलग काही दिवस चालताना डोकं हललं नाही तर, आणि पहिला स्वार भाचा असू द्या, पर्यटक नको.

डॉक्टर येऊन गेले की वहीच्या पानांचे फोटो आणि त्यांनी काय सापडलं म्हणून सांगितलं ते मला पाठवा. नालबंदालाही सांगून ठेवा, काढलेला नाल आणि खिळे फेकून देऊ नकोस. कुठल्या खिळ्याला ओल किंवा काळपट डाग आहे ते मला बघायचं आहे.